नडगी

दूआर्नेनेच्या मैदानावर समुद्र
दोन्ही संघांकडून खेळतो.
मी फक्त कपडे धुतो,
बारा वर्षांखालच्या पोरांचे, दर शनिवारी,
चिखल निथळेपर्यंत.

ऑक्टोबरात सेलमधून मीच आणले होते
निळे शिनगार्ड, चौदा जोड,
आतून मऊ फोम, पावाच्या गाभ्यासारखा.
खजिनदार म्हणाला, फांश, पैसे वाचवलेस.
मी मिशीतल्या मिशीत हसलो.

तिसऱ्या आठवड्यात ग्वेंदाल मोजे उतरवेना.
बघू, म्हटलं. तो बघू देईना.
मग दिसलं : दोन्ही नडग्यांवर
गार्डच्या मापाचा, गार्डच्या कडांनी आखलेला
लाल मुलूख,
आत बारीक पुटकुळ्या, पाणी धरलेल्या.
पोरं त्याला उकडलेला खेकडा म्हणू लागली.
लेफ्ट बॅक आहे तो, आडवा पळतो,
म्हणूनही.

मी आधी साबण बदलला.
मग साबण बंद, नुसतं व्हिनेगर.
मग मोज्यांना दोष दिला, मग कुंपणाकडच्या खाजऱ्या पाल्याला,
मग, सांगायला लाज वाटते, त्याच्या आईला :
पोराला नीट आंघोळ घालत जा, म्हणालो.
ती काही बोलली नाही.
चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात,
माझ्याकडे तर संन्याशांची रांग लागली होती.

आणि गार्ड?
ते मी स्वतः पुसत होतो रोज,
ओल्या फडक्यानं, काचसामान पुसावं तसे.

ब्रेस्टच्या इस्पितळात डॉक्टर केरावेलनं
त्याच्या पाठीवर पट्ट्या चिकटवल्या,
एकेका चौकोनात एकेक संशयित :
रबर. डिंक. निकेल. चामडं कमावायचा क्रोम. रंग.
शेवटच्या चौकोनात त्याच्या गार्डचा कापलेला तुकडा,
नखाएवढा, निळा.
दोन दिवस आंघोळ नाही, धावणं नाही, घाम नाही.
बारा वर्षांच्या पोराला घाम नाही!
रात्री आईनं पाठीवरचे आकडे पुन्हा गिरवले
पुसू नयेत म्हणून.

पट्ट्या काढायच्या दिवशी मीही गेलो.
गाडी चालवायला कोणी हवं, असं सांगून.
रबर गप्प. डिंक गप्प.
निकेल, क्रोम, रंग, सगळे गप्प.
निळ्या तुकड्याखालची कातडी तेवढी बोलली.

डॉक्टरनं नाव लिहून दिलं, लांबलचक,
कागद संपला तेव्हा खाली वळवलं.
मी विचारलं, हे त्यात घातलं कोणी?
ती म्हणाली, बहुधा कोणीच नाही.
तापलेल्या साच्यात दुसरीच दोन द्रव्यं भेटली असतील,
त्यातून हे झालं.

मला एक माणूस हवा होता,
पत्त्यासकट.

परतताना गाडीत आई आठवली, माझी.
सार्डिनच्या कारखान्यात चाळीस हंगाम,
मिठवणीनं चिरलेली बोटं
रात्री लोणी चोळून फडक्यात बांधायची.
तिच्या पाठीवर कोणी आकडे लिहिले नाहीत.
कामाचा हात असाच असतो, म्हणायचे लोक.
मीही म्हणायचो.

तेरा जोड अजून कपाटात आहेत.
बाकीच्यांना काही होत नाही,
तरी शनिवारी सगळ्यांना मोजे खाली करायला लावतो.
पोरं कंटाळतात.
ग्वेंदालसाठी जुन्या वर्तमानपत्राची घडी घालतो,
सोळा पदरी, पातळ सुती कापडात टाचलेली.
(शाईचं आधी डॉक्टरला विचारून घेतलं.)
पंच नाक मुरडतो, चालवून घेतो.

काल त्याला सणसणीत लाथ बसली.
लंगडत बाहेर आला, मोजा आपणहून खाली केला :
काळंनिळं टेंगूळ, कांपेरच्या सात नंबरनं दिलेलं,
आठ दिवसांत जाईल असं.
कापडातून शाई झिरपून
नडगीवर उलटी अक्षरं उठली होती.
दोघांनी माना वाकड्या करून वाचली :
भरती, पहाटे सहा वाजून
आणि पुढचं घामानं फिसकटलेलं.