दुसरीचा डबा

संत्रावाल्या अकरा जणांचा दौरा निघाला स्पेनला,
त्यात आमचे हे.
खेरडे म्हणाले, तिकडं सगळं मिळतं,
फक्त तिखट मिळत नाही.
म्हणून मी दशम्या केल्या दुधातल्या, बावीस,
जवसाची चटणी, लसणाचा भुरका,
आणि भरलं सगळं त्या पितळी कड्यांच्या डब्यात
ज्याच्या झाकणावर ठोकून घेतलेलं आहे
यमुना नथ्थूजी, बेनोडा.
माझी आई.
अमरावतीच्या पलीकडं कधी गेली नाही.

हे परतले. सांगत बसले
वालेंशियाहून निघालेल्या गाडीचं:
एका खिडकीत समुद्र, दुसरीत संत्र्याच्या बागा,
गाडी अशी की पेल्यातलं पाणी हलत नाही.
समोर एक बाई, आपल्या वच्छलाबाईएवढी,
मांडीवर डबा, पावाचे तुकडे.
यांनी दशमी पुढं केली.
तिनं भुरका चाटला, डोळ्यांतून धारा,
तरी हात पुन्हा डब्यात.
"मंग?"
"मंग काय, तिचं स्टेशन आलं."

पिशवीतून जो निघाला
तो प्लास्टिकचा, हिरव्या झाकणाचा.
"आणि माहा डबा?"
हे भिंतीकडं पाहत म्हणाले,
"घाईत उतरली ना थे."

ओट्यावर उघडला. खारात गोल गोल काही.
वच्छलाबाईनं एक तोंडात घातलं, थुंकलं.
"अवं माय, या त लिंबोया!
इतक्या दूरून लिंबोया आणल्या भाऊजीनं!"
पोट्टे हसून हसून लोळले.
मी मात्र दोन खाल्ल्या. तिसरी बरी लागली.

दोन दिवस बोलले नाही मी यांच्याशी.
मग वाटलं,
ती बाई आता झाकण पुसत असेल,
बोट फिरवत असेल त्या अक्षरांवरून,
टिंबांचीच तर आहेत, ठोकलेली,
वाचता नाही आली तरी हाताला लागतात.

कोणाचा डबा रिकामा परत देऊ नये,
आईनंच शिकवलेलं.
म्हणून तिच्या डब्यात मी दर हंगामात
काहीतरी भरून ठेवते,
कधी भुरका, कधी चारोळ्या,
आंबिया बहराच्या वेळी वाळवलेली सालं.
संपलं की पुन्हा.
झाकण फार घट्ट आहे मेलं,
नखं दुखतात.

परवा यांना विचारलं, कोणतं स्टेशन होतं थे?
म्हणाले, पाटी वाचेपर्यंत
गाडी सुटली होती.