काखेतली कळी

खेळाच्या मास्तरणीने गाठोडं टेबलावर टाकलं:
मुलांच्या संघाचे गेल्या वर्षीचे पंधरा टी-शर्ट,
निळे, धुतलेले, तरी घामाचा वास न सुटलेले.
"मुलींच्या मापाचे करून द्या, रतनबाय.
शनिवारी कुडचड्याला सामना आहे."

केप्याच्या बाजारात, सोड्याच्या दुकानावर
तीस वर्षं माझं मशीन.
इथल्या पोरी वाढलेल्या
आयांच्या आधी मला कळतात.
तेराव्या वर्षी खांदे पुढे येतात.
टेप छातीवरून नेताना श्वास आत,
नजर कॅलेंडरवरच्या शांतादुर्गेकडे
आणि मागून आईचा ठरलेला आवाज:
"सैल ठेवा थोडं. गळा वर घ्या."
मी सैल ठेवत गेले.
किती वार कापड नुसतं झाकण्यात घातलं,
हिशेब नाही.

त्या संध्याकाळी आल्या,
जोस्लिन, शाहीन, देसायांची जुळी,
आणि सगळ्यांत शेवटी प्रेषिता वेळीप, गोलरक्षक,
गुडघ्यावर खपली, चपलेत मळ्याची माती.
भात कापून झालंय, धसकटं रुततात,
तरी तिथंच खेळतात.
मुलं मळा लवकर सोडत नाहीत.
ह्या बांधावर उभ्या राहतात,
सोडेपर्यंत उभ्या राहतात.

मी म्हटलं, हात खाली, सरळ उभी राहा.
"खाली नको, बाय. वर घ्या माप.
मला चेंडू वर अडवायचाय."
आणि तिने दोन्ही हात उचलले
पंख्याच्या पात्यांच्या दिशेने,
टाचा सुटल्या जमिनीवरून.
टेप माझ्या हातात लोंबत राहिली.
वर गेलेल्या हाताला
माझ्या वहीत रकानाच नव्हता.

मग जुना उपाय आठवला, कळी.
काखेत चार बोटांचा चौकोन, तिरका जोडायचा.
हात खाली असला की दिसत नाही,
वर गेला की उमलतो.
पंधरा शर्ट, तीस कळ्या,
देवळाच्या पताकांतून उरलेल्या पिवळ्या कापडाच्या.

शाहीनची आई सांगून गेली,
चड्डी गुडघ्याखाली हवी.
केली. तशीही धावता येते ती.

शनिवारी दुकान बंद ठेवलं.
खेळ मला कळत नाही, मी शिवण बघत होते.
निळ्यातून पिवळं उघडायचं, मिटायचं,
मैदानभर.
हरल्या. चार-एक.
चौथ्या गोलाला प्रेषिता आडवी झेपावली,
बोटाच्या पेराएवढी कमी पडली.
टर्र झालेलं मला कडेपर्यंत ऐकू आलं,
बाकी कोणाला नसेल.

सोमवारी दारात. "उसवलं."
कळी शाबूत. तिच्याखाली, कुशीत,
मी आत घेतलं होतं तिथं.
उसवलेलं माझ्याकडे पुष्कळ येतं,
वाढत्या अंगाने, पिनेने,
कधी कोणी ओढल्याने, ते कोणी सांगत नाही.
हात पोचवताना उसवलेलं हे पहिलं.

"पेराएवढं कमी पडलं ना गो?"
"होय."
"दोन बोटं मी सोडते. उरलेलं तू बघ."

तिच्या मागे जिन्यात आणखी तिघी,
सातवीतल्या असाव्यात, खांदे पुढे,
हातात शर्ट-बिर्ट काही नाही.
मी टेप उचलली.
काही म्हणायच्या आधीच
त्यांतल्या एकीने हात वर केले.