पिवळा त्रिकोण

शाहूपुरीत मगदूमांच्या अडतीवर
प्रिंटर परवापासून गप्प आहे.
वायर जागच्या जागी, दिवा हिरवा, कागद चढवलेला,
आणि तोंडातून अक्षर नाही.

सातगोंडा दिवाणजी म्हणाले, "रेहाना, बघ गं जरा,
ह्या पोरानं रात्री कायतरी अपडेट मारलं,
तवापासनं ह्यो ओळखच दाखवंना."
पोरगं, शीतल त्याचं नाव,
मोबाईलमध्ये डोकं घालून उभं.

डिव्हाइस मॅनेजर उघडला.
कीबोर्ड, माऊस, स्पीकर, पडदा
आपापल्या नावानं ओळीत बसलेले,
आणि तळाशी एक बिननावाचं,
कपाळावर पिवळा त्रिकोण.
अज्ञात उपकरण.
सतरा हंगाम गुळाच्या पट्ट्या छापतंय हे,
तीन कॉम्प्युटर बदलले याच्या पुढ्यात,
आणि आज अज्ञात.

"ड्रायव्हर गेलाय," मी म्हणाले.
रवे उतरवणारा हमाल दारात थांबला :
"कुठं गेला? टेंपो तर हितंच हाय की!"
हसले सगळे, मीही.
पण त्याचं तरी काय चुकलं?
टेंपो इथंच आहे, डिझेलही आहे,
गिअर कुठला कधी टाकायचा
हे ठाऊक असलेला तेवढा नाही.

कसं सांगू दिवाणजी,
कॉम्प्युटर नुसता म्हणतो, "छाप."
प्रिंटरला कळतात फक्त नऊ सुया,
कुठली कधी टोचायची एवढंच.
तुम्हीच सांगता ना वडगावच्या बैलबाजाराचं,
रुमालाखाली हात घालून
दोन पेरं दाबली की ठरायचा भाव,
वर दोघेही आभाळाकडे बघत.
तो रुमालाखालचा हात,
तो ड्रायव्हर.

शीतलनं आधी सगळ्यात नवा उतरवून घेतलेला,
फुकट, पाच मिनिटांत, हिरव्या बटणावरून.
कुणाचा कोण, लग्नात शिरून
मुलाकडचा म्हणून जेवून जाणारा.
त्यानं छापलेला कागद अजून टेबलावर होता :
मगदूमांच्या जागी चौकोन चौकोन,
बेचाळीस रव्यांच्या जागी प्रश्नचिन्हं,
आणि एका ओळीला एक अख्खं पान.

तो काढला. मशीन बंद-चालू केली.
मागं जायचं बटण बघितलं तर राखाडी, दबेना.
कंपनीच्या साईटवर गेले,
मॉडेलचा नंबर टाकला,
"या उत्पादनासाठी मदत बंद करण्यात आली आहे."
किती सभ्यपणे सांगतात.

मग राजारामपुरीत दुकानात परत,
सातव्या गल्लीत, जिना चढून,
शिंप्याच्या वरच्या खोलीत
बिस्किटांच्या डब्यात सीड्या.
फिक्या शाईनं माझंच अक्षर : "मगदूम, जुना, टाकू नये."
पेनड्राइव्हवर घेतली, परत स्कूटी,
दसरा चौकात सिग्नल लागला तेवढाच दम.

शीतलला शेजारी बसवलं.
बघ, नवा म्हणजे बरा असं नाही,
चालतंय ते चालू दे,
आणि हात लावायचाच तर
आधी जुन्याची प्रत काढून ठेव.
त्यानं मोबाईल खिशात घातला.
तेवढं बास.

हेड सरकलं.
चर्र… चर्र… चर्र…
आणि आतून आधी मुंग्या बाहेर आल्या,
गुळावर वाढलेल्या, तांबड्या, चिडलेल्या,
आणि मग पट्टी :
रवे ४२, वजन, हमाली, तोलाई,
सगळं मराठीत, जागच्या जागी.
त्रिकोण गेला होता. नाव आलं होतं.

"पैसे किती द्यायचे?"
दिवाणजींनी खांद्यावरचा टॉवेल काढला,
हातावर टाकला, हात पुढं केला,
मिशीत हसत.
मी टॉवेलाखाली हात घातला.
त्यांनी दोन बोटं धरली, एक पेर दाबलं,
मग पुन्हा एक,
आणि वर छताकडे बघत राहिले.

माझ्या आज्याला कळलं असतं,
तो सुऱ्यांना धार लावत हिंडायचा सगळे बाजार.
मला दोनशे वाटलं, कदाचित वीस,
कदाचित अजून काही.

मी हो म्हणाले.