खोली अकराचा तक्ता

या गावाचं नाव स्टोन.
नोकरीचं पत्र आलं तेव्हा आई म्हणाली,
दगडात कशाला चाललीस राहायला?
पण गावाच्या पोटातून कालवा जातो,
आणि पाण्याच्या पायऱ्या चढत
लांबुडक्या नावा चर्चच्या उंचीला येतात.

खोली अकरा. विल्फ्रेड टनिक्लिफ, वय अठ्ठ्याऐंशी.
चाळीस वर्षं या कालव्याची दारं सांभाळली.
पाणी आत घेतलं की नाव वर,
सोडलं की खाली.
मी नुसता दार लावायचो, म्हणतात,
उचलायचं काम पाण्याचं.

जुलै. तेहेतीस अंश.
मी भुसावळची. तेहेतिसाला आम्ही स्वेटर शोधायचो.
पण इथल्या विटा ऊन धरून ठेवायला शिकलेल्या,
आणि वृद्धाश्रमाच्या खिडक्या
चार बोटंच उघडतात,
कुणी पडू नये म्हणून.

तक्त्यावर लिहिते:
आठ वाजता, चहा, साठ मिली.
दहा वाजता, पाणी, दोन घोट.
बारा, नको म्हणाले.
दोन, नको म्हणाले.
एक नको किती मिलीचा, त्याला रकाना नाही.

माणसाआधी त्याची तहान म्हातारी होते.
आत सगळं आटत असतं
आणि घसा म्हणतो, ठीक आहे, चाललंय.
जीभ खडूसारखी.
गळ्याखालची कातडी चिमटीत धरली
तर तशीच उभी, खाली बसायचं विसरलेली.
बाटलीतली लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची.
नाडी मात्र धावतेय,
थोडंसंच रक्त घेऊन सगळ्या घरांना पुरवत.

चार वाजता मला मॉरीन म्हणाले.
"मॉरीन, खालचं दार लाव, पाणी चाललंय सगळं."
मॉरीन जाऊन अकरा वर्षं झाली.
मी म्हटलं, लावलं.

पॉलेट सिस्टर म्हणाली, सातपर्यंत बघू,
नाहीतर रुग्णवाहिका.

मग मी काचेचा पेला उचलून नेला.
काचेतलं पाणी त्यांच्या डोळ्यांना दिसतच नव्हतं.
लाल कप आणला.
कलिंगडाच्या फोडी, बिया काढून.
जेली, चमच्याने, हलत हलत.
साखर, चिमूटभर मीठ, लिंबू,
आमच्याकडे पोट बिघडल्यावर देतात तसं.
एकदम नाही. दर दहा मिनिटांनी एक घोट,
मध्ये कालव्याच्या गप्पा:
बर्फात गोठलेली नाव, दारात अडकलेला हंस,
एका घोटाला एक गोष्ट.

साडेसहाला त्यांनी माझं नाव घेतलं.
मृदगंधा नाही येत त्यांना. "मृदू," म्हणाले.
मग भिंतीकडे बघून,
"रात्री घंटा वाजवतो मी.
तू येतेस, पण तोवर…
आयुष्यभर एक थेंब चुकीच्या बाजूला जाऊ दिला नाही.
आता न प्यायलेलंच बरं."

एवढंच होतं ते.
तहान नव्हती असं नाही. गादी होती.

मी वेळा लिहून दिल्या: अकरा, दोन, पाच.
रात्रपाळीला घंटेची वाट बघू देणार नाही.
त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला,
नावांचं वेळापत्रक तपासावं तसा.

उठले, तर खोली एकदम काळी.
पलंगाची कड धरली.
माझी बाटली खिडकीत, सकाळी भरलेली,
गळ्यापर्यंत तशीच.
चौदा खोल्या, आम्ही दोघी,
आणि आमचं बाथरूम दुसऱ्या टोकाला.
मीही दिवसभर हिशोबच करत होते,
त्यांच्यासारखाच.

"आधी तू," ते म्हणाले. "वरचं दार आधी उघडायचं असतं."

तसं काही नसावं. ते बहुधा बनवत होते मला.
पण प्यायले. कोमट, प्लास्टिकची चव.
मग त्यांनी लाल कप दोन्ही हातांनी धरला.

सात वाजून पाच. पाणी, एकशेऐंशी मिली.
खाली, समासात, पेन्सिलीने:
मी, अर्धी बाटली.