अर्ध्या ओळीची जागा

शर्टाला इस्त्री मीच केली.
त्याची इस्त्री कॉलरपाशी हार मानते
आणि आज कॉलर दिसायला हवी होती.
फाइल आदल्या रात्रीच लावलेली:
तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या,
कुणाचं देणं नसल्याचा दाखला,
सध्याच्या घरमालकाचं पत्र, की हे जोडपं
एकोणीस वर्षं भाडं वेळेवर देत आलंय.
‘जोडपं’वर हाउकेचं बोट जरा रेंगाळलं.
मग त्यानं पान उलटलं.

हाम्बुर्ग, बार्मबेक. कालव्याकडची गल्ली, लाल विटा,
गुरुवार, पाच दहा ते पाच चाळीस.
आम्ही पावणेपाचलाच पोचलो
तरी रांग चौथ्या मजल्यावरून दुसऱ्यापर्यंत उतरलेली.
जिन्यात अत्तरांची गर्दी,
आणि सगळे एकमेकांशी इतकं गोड हसतायत
जसे वाटणीला जमलेले चुलतभाऊ.
एका मुलीनं चक्क केक आणला होता.
“आपण काही आणलं नाही,” हाउके कुजबुजला.
मी म्हटलं, तू आलास तेवढं पुरे.
चष्मा पूस.

दारात बुटांवर निळ्या पिशव्या चढवायच्या.
याचे पाय सत्तेचाळीस नंबरचे.
एक पिशवी फाटली. दुसरीही.
एजंट म्हणजे कोवळा पोरगा, घड्याळाशी बोलत होता:
“दोघंच? मुलं? कुत्रा?”
“हा एकटा.”
“आणि तुम्ही?”
“मी सोबत आलेय.”
त्यानं यादीत काहीतरी खोडलं.

घर म्हणजे दीड खोली.
स्वयंपाकघरात ओटा नाही. जाणारा भाडेकरू
ओटा, कपाटं, दिव्यांची बटणंसुद्धा घेऊन जातो इथे;
भिंतीतून फक्त दोन नळ्या, तोंडाला बूच लावून गप्प.
मी न्हाणीघरात नळ सोडून पाण्याचा जोर पाहिला.
भिंतीला तळहात लावला, ओल नव्हती.
खिडकी उघडून आवाज ऐकला:
आधी पुलावरची मेट्रो, मग बदकं.
दाराची चौकट त्याच्या कपाळाहून उंच आहे,
हेही बघून ठेवलं.
तो खोलीच्या मधोमध, हात खिशात,
भलत्याच्याच वाढदिवसाला शिरल्यासारखा.

मी टेप काढली. एक टोक त्याच्या हाती दिलं.
खिडकीपासून दारापर्यंत दोन मीटर ऐंशी.
“बसेल,” मी म्हणाले.
“काय?”

शिवणयंत्र.
माझं शिवणयंत्र मोजत होते मी.
टेप सर्रकन आत गेली, बोटाला चाटून.
“तुझं कपाट.”

अर्ज खिडकीच्या कट्ट्यावर उभ्यानं भरायचा.
नाव, जन्म, पगार, वाद्य वाजवता का.
शेवटून दुसरा प्रश्न: राहतं घर सोडण्याचं कारण.
त्याला जागा अर्धी ओळ.

पेन थांबलं.
“काय लिहू?”
एकोणीस वर्षं हाच प्रश्न,
आईच्या वाढदिवसाच्या कार्डावर, विम्याच्या कागदावर,
माझ्या भावाच्या पुष्पचक्राच्या फितीवर.
आणि मी सांगत आले. कदाचित तेच कारण.
पण ते अर्ध्या ओळीत कसं बसवायचं,
आणि मागे एक गरोदर बाई पेनासाठी खोळंबलेली.
“लिही, जागा पुरत नाही.”
त्यानं लिहिलं ‘जागा’,
पुढचे शब्द कोपराआड गेले.
किती वेळ लागला त्याला.
मी नाही वाकून पाहिलं.

बसथांब्यावर वारा होता.
त्यानं कॉलरचं बटण काढलं, मफलर मला दिला, परत घेतला.
“तुला आवडलं?”
“मला कशाला आवडायला हवं?”

तीन थांबे गेले.
कालवा संपला, सुपरमार्केटची पाटी गेली.
“सकाळचं ऊन येईल तिथे,” मी म्हणाले.
“पडदा घे. जाड घे.”