दर

उद्यमबागेतल्या फाउंड्रीचा मॅनेजर
फोनवर आधी दर सांगतो, नमस्कार मागनं:
"ते टनामागं दोनशे कमी घेतात की, मुचंडीकर."

दोनशे.
वहीच्या मागच्या पानावर शोधत बसलो
कुठनं काढले असतील.
डिझेल सगळ्यांना एकच.
कोगनोळीचा टोल कुणाच्या बाला चुकलाय?

परवा पहाटे तवंदीच्या उताराला
त्यांची गाडी माझ्या पुढं होती,
बारा टनांच्या पासिंगवर अठरा टन बिडाचं कास्टिंग,
जळक्या लायनरचा वास
माझ्या केबिनीत.
बाजूनं काढताना बघितलं.
क्लीनरची सीट मोकळी,
आणि स्टेअरिंगवर भरमाचा धाकटा, कल्लाप्पा,
ज्याला मीच शिकवलेलं,
ज्या गियरात घाट चढतोस त्याच गियरात उतर.
हॉर्न दिला. त्यानं मान वळवली नाही.
डोळे उघडे होते, एवढंच सांगू शकतो.

तिथनं काढलेत दोनशे.

आज इस्माईल मेस्त्री गाडीखालनं बाहेर आला,
हात पुसत म्हणाला,
मागचे लायनर संपलेत, बदलून घ्या.
सोमवारी बघू, म्हटलं.

मग रस्त्यापलीकडं जाऊन
मॅनेजरला फोन लावला:
दीडशे कमी करतो, साहेब.