पूल आणि फेरीबोट

गुरुवारी सव्वानऊच्या फेरीबोटीने
मी जुन्या गोव्याहून दिवाडीला उतरते.
पिशवीत ग्लुकोमीटर, पट्ट्यांची डबी, कापूस
आणि खात्याने दिलेला रंगीत तक्ता,
ज्यावर ब्रोकोली आहे, ओट्सचा वाडगा आहे,
कसलंसं निळं फळ आहे,
आणि बेटावर उगवतं किंवा शिजतं
असं एकही नाही.

धक्क्याजवळच्या मंडळाच्या खोलीत अकरा जण,
खुर्च्या बारा.
बारावी पेद्रूची. पाय कापल्यापासून तो येत नाही,
पण ती खुर्ची कुणी उचलत नाही.

"ग्लायसेमिक इंडेक्स," मी सुरू करते.
लवू मास्तर वहीत लिहून घेतात, अधोरेखित करतात.
शेवंती चोडणकर विचारते, "म्हणजे गोडी?"
गोडी नव्हे, शेवंतीबाय. घाई.
किती गोड ते नव्हे,
किती घाईने रक्तात पोचतं ते.

अकरा चेहरे. कुणालाच कळलेलं नाही.
तक्त्यावरचं निळं फळही गप्प.

खिडकीतून मांडवी दिसत होती.
पलीकडे बोट भरत होती,
दोन गाड्या, एक टेम्पो, मासळीच्या पाट्या, मग माणसं.
म्हटलं, तिथे बघा.
उद्या इथे पूल झाला तर सगळी वाहनं
एकदम अंगावर येतील. बोट आहे
म्हणून थोडी थोडी येतात, गावाला श्वास घेता येतो.
मैद्याचा पाव म्हणजे पूल.
पोदेराची कोंड्याची पोळी, अळसांदे, कुळीथ,
ह्या सगळ्या बोटी.

कायतान हसला. तीस वर्षं त्याने
याच बोटीचा दोर बांधला होता.
"बोटीतसुद्धा सगळ्यांना आधीच उतरायचं असतं, बाये."

मग कुणीतरी मागून विचारलं,
ते मी आठवडाभर टाळत होते:
"आणि आमची दहाची पेज?"

उकड्या तांदळाची. शितं इतकी मऊ
की दातांना काही कामच उरत नाही.
मला उत्तर माहीत होतं.
ते मोठ्याने सांगायला जीभ वळेना.
"पुढच्या गुरुवारी पेज घेऊनच या,"
म्हटलं, "मोजून बघू."

अकरा डबे आले. अकरा बोटं टोचली.
दोन तासांनी पुन्हा टोचली.
शेवंतीचे दोनशे एक्केचाळीस.
ती यंत्राकडे अशी पाहत राहिली
जसं शेजारणीने खोटी साक्ष द्यावी.
कायतानचे एकशे अडुसष्ट.
तीच पेज, त्याच चुलीवरची,
शेवंतीनेच वाढून दिलेली.

"तू काय केलंस?"
"काही नाही. गरम होती म्हणून थांबलो.
थांबवेना म्हणून अळसांद्यांचं तोणाक संपवलं,
दोन बांगडे खाल्ले. मग पेज.
ती अर्धीच गेली. पोट भरलेलं."

हे तक्त्यावर नव्हतं.
मी तो उलटा केला आणि पाठीवर
खडूने दोन रकाने ओढले: पूल, फेरीबोट.
खाली तिरकं लिहिलं,
आधी कोण चढतं तेही बघा.

मग भांडणं. नाचणीची भाकरी बोटीत,
पण नाचणीची आंबील? लवू मास्तर म्हणाले, पुलावर.
रताळं उकडलेलं की भाजलेलं?
मानकुराद कुठे?
"अर्धा," मी म्हटलं.
"अर्धा मानकुराद खाऊन उठलेला माणूस,"
शेवंती म्हणाली, "दाखव मला एक."
कुणीच दाखवू शकलं नाही. मीसुद्धा नाही.
तो रकान्यांच्या मधल्या रेघेवर लिहिला.

तिसऱ्या गुरुवारी कायतान उशिरा आला.
खिशातून बिलाच्या पाठीवर लिहिलेली चिठ्ठी काढली.
पेद्रूच्या सुनेचं अक्षर:
आधी भाजी. मग अर्धी पोळी. दोन तासांनी १५२.
खाली, दुसऱ्या, थरथरत्या अक्षरात:
पेज रविवारी चालेल काय?

मी काही बोलले नाही.
चिठ्ठी बाराव्या खुर्चीवर ठेवली.
खिडकीतून वारा येत होता,
म्हणून वर ग्लुकोमीटर.